मायेचं व्याज

चेंबूरमध्ये राहणाऱ्या माणसाला दुकानाची पायरी न चढताही महिनाभर मजेत जगता येईल, असं मला कधीकधी वाटतं. कॅम्पात सिंधी घरांतून पापड आणि लोणची मिळतात. छेडानगरच्या बाजूला एखाद्या तमिळ मामींकडे मुरुक्कू आणि सांबाराची पूड सांगून ठेवता येते. टिळकनगर, सुभाषनगरकडे आमच्या मराठी काकू भाजणी, चकल्या, उकडीचे मोदक करून देतात. कुणी घरी शिकवण्या घेतं, कुणी ब्लाउज शिवतं, कुणी ऑफिसवाल्यांना डबे देतं. बहुतेक दारांवर पाटी नसते. "तिसऱ्या मजल्यावर डावीकडे, बेल वाजवा, कोणी पाठवलं ते सांगा," एवढीच काय ती जाहिरात.

याला कारण आहे. चेंबूर वसलंच मुळी परक्या माणसांनी. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची इथे छावणी झाली. १९५४-५५ च्या सुमाराला ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले, मग अणुसंशोधन केंद्र आलं, खत कारखाना आला. नोकरीसाठी देशभरातून कुटुंबं आली. सख्खे नातेवाईक शेकडो मैलांवर, त्यामुळे शेजारीच काका, मामी, मावशी झाले. आणि घरातल्या बाईने चार पैसे मिळवायला काही करायला घेतलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणून दारात उभे राहिले तेही हेच काका, मामी आणि मावशी.

अडचण तिथेच सुरू होते. ज्या मावशींनी आपल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू आणून दिले, त्यांच्याकडे अर्धा किलो चकलीचे पैसे मागायचे कसे? ज्या मुलाला दोन वर्षं आपल्या हातचा डबा दिला, त्याची नोकरी गेली तर डबा बंद करायचा का? ज्या मसाल्याची कृती आईकडून आली, तो "जरा महागच वाटतो हो" असं कुणी म्हटलं की धंद्याची टीका धंद्यापुरती कशी घ्यायची? घरगुती धंदा करणाऱ्या प्रत्येकीला हे प्रश्न पडतात, आणि प्रत्येकीला तेच उत्तर मिळतं: धंद्यात भावना आणू नये.

हे उत्तर मला कधी पटलं नाही. चुकीचं आहे म्हणून नव्हे. हे उत्तर देणाऱ्याचं दुकान आणि घर बहुधा वेगळं असतं, म्हणून.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की आधुनिक उद्योग उभा राहायला दोन गोष्टी झाल्या: घर आणि धंदा एकमेकांपासून वेगळे झाले, आणि पद्धतशीर हिशेब ठेवणं सुरू झालं. पेढी वेगळी, स्वयंपाकघर वेगळं. पेढीवर बसलेला शेटजी "नाही" म्हणतो, घरी आलेला तोच शेटजी ताटावर आग्रह करतो. दोघांमध्ये एक उंबरठा असतो. पण जिला उंबरठा ओलांडायची सोयच नाही, जिचं स्वयंपाकघर हीच पेढी आहे, तिने काय करावं?

याचं उत्तर शोधायला आमच्या चेंबूरहून हार्बरची गाडी धरून कॉटन ग्रीनला उतरावं आणि लालबाग-परळच्या दिशेने चालू लागावं. या प्रश्नाशी मुंबईत सगळ्यात जास्त झुंजल्या त्या गिरणगावातल्या खानावळवाल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी, साताऱ्याकडून माणसं येऊ लागली. आली ती बहुतेक एकटी. बायकापोरं, म्हातारे आईबाप, जमिनीचा तुकडा सगळं गावाकडे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी ही माणसं जेवणार कुठे? तर ओळखीच्या, गावच्या, नात्यातल्या एखाद्या बाईकडे. त्याच वेळी गिरण्यांतून बायकांची संख्या कमी कमी होत गेली. रात्रपाळीवरचे निर्बंध, नवी यंत्रं, कपात... कारणं बरीच. ज्यांची नोकरी गेली, ज्यांचा नवरा गेला किंवा नवऱ्याच्या पगारात भागत नव्हतं, त्या बायकांनी चुलीवरचं पातेलं मोठं केलं आणि "मेंबर" जेवायला ठेवले. पाच, दहा, पंधरा.

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात संसार, त्यातच मोरी, त्यातच चूल आणि त्यातच पंगत. पाळ्या तीन, म्हणजे जेवणाच्या वेळाही तितक्याच. पहाटे उठून बाजार, मग वाटण, भाकऱ्या, मासळी, भात. एक पंगत उठते तोवर दुसरी दारात. कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा सोमवार, कुणी आजारी म्हणून त्याला पेज. हे सगळं बघणारी बाई त्या माणसांना "गिऱ्हाईक" म्हणेल? ती त्यांना नावाने हाक मारायची, आणि ती तिला मावशी म्हणायची.

मावशी! या एका शब्दावर जरा थांबू या. आपल्याकडे पैशाच्या व्यवहारात नातं जोडलं की भाव आपोआप खाली येतो. वाण्याला कोणी मामा म्हणत नाही, डॉक्टरला तर नाहीच. पण रांधून घालणाऱ्या, शिवून देणाऱ्या, पोरं सांभाळणाऱ्या बाईला आपण लगेच मावशी करतो. मावशी म्हटलं की तिने जास्तीची भाकरी वाढायची, आणि पैसे मात्र "पुढच्या पगाराला बघू". त्या माणसांची माया खोटी होती असं नाही. ती खरीच होती. पण मायेचा खर्च एकाच बाजूने होत होता.

किती होत होता, याचा हिशेब मांडता येतो. गिरणीत पगार महिना भरल्यावर मिळायचा, तोही लगेच नाही. १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या, म्हणजे हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत पगार द्यायची मुभा दिली होती. आता बघा. कामगार १ जानेवारीला जेवला. त्या दिवसाच्या मजुरीचे पैसे त्याच्या हातात पडणार १० फेब्रुवारीपर्यंत. तो मावशीला पैसे देणार त्यानंतर. म्हणजे १ तारखेच्या भाकरीचे पैसे यायला ४० दिवस. पीठ, तांदूळ, रॉकेल, मासळी यांचे पैसे मात्र आधी लागतात. ते कुठून यायचे? वाण्याच्या खात्यावरून, चढ्या भावाने. वाणी थांबेनासा झाला की सावकाराकडून. सावकार थांबेनासा झाला की गळ्यातलं गहाण टाकून.

म्हणजे गिरणीमालक कामगाराचे पैसे ४० दिवस वापरायचा, आणि त्या ४० दिवसांचं व्याज भरायची चाळीतली एक बाई. कापडाच्या ताग्याच्या किमतीत हे व्याज कुठे दिसत नाही. पण ते रोज, प्रत्येक पंगतीला भरलं जात होतं. मी याला मायेचं व्याज म्हणते.

१९७३-७४ मध्ये गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद. कामगारांना मावशीचे पैसे देता येईनात. धंद्याच्या नियमाने बघितलं तर खानावळी पहिल्याच आठवड्यात बंद व्हायला हव्या होत्या. त्या झाल्या नाहीत. बायकांनी वाण्याकडे उधारी वाढवली, दागिने, भांडी गहाण टाकली आणि संपकऱ्यांना जेवू घातलं. संपाच्या इतिहासात पुढारी असतात, सभा असतात, मागण्या असतात. ४२ दिवस चूल कुणी पेटती ठेवली, हे फारसं कुणी लिहीत नाही.

एका कार्यकर्तीच्या मात्र ते नजरेत भरलं. प्रेमा पुरव. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या, कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई गिरणगावात वावरत होत्या. संप लढणाऱ्यांची युनियन होती. संप पोसणाऱ्यांची कुठलीच नव्हती. १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं ते यातून. पहिल्यांदा १४ खानावळवाल्यांनी मिळून बँकेकडून कर्ज मिळवलं. बँक ऑफ बडोदाकडून.

ही गोष्ट आज साधी वाटेल, तेव्हा नव्हती. बँका राष्ट्रीयीकृत होऊन (१९६९) जेमतेम सहा वर्षं झाली होती. गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची कर्ज योजना १९७२ मध्ये आली होती, पण कागदावर. चाळीत भाकऱ्या भाजणाऱ्या बाईकडे तारण म्हणून द्यायला काय होतं? घर भाड्याचं, दुकान नाही, परवाना नाही, आणि तिच्या धंद्याला कुणी धंदा म्हणतच नव्हतं. शेजारपाजारचे म्हणत, "जेवायला घालते बिचारी." मंडळाने तारणाच्या जागी बायकाच उभ्या केल्या. एकाच वस्तीतल्या, एकमेकींना ओळखणाऱ्या बायकांचा गट. एकीच्या कर्जाला बाकीच्या जामीन.

मंडळाने काय बदललं आणि काय बदललं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रेमाताईंनी कुठल्याही मावशीला "भावना बाजूला ठेव, उधारी बंद कर" असं शिकवलं नाही. तसं शिकवून उपयोगही नव्हता. उधारीवर जेवणारा माणूस उद्या दुसऱ्या मावशीकडे गेला असता. माया आहे तशीच राहिली. तिच्यावरचं व्याज तेवढं कमी झालं. सावकाराच्या जागी बँक आली, गहाण टाकलेलं सोडवता आलं, आणि धान्य रोख घेता येऊ लागल्याने वाण्याचा चढा भाव सुटला.

दुसरं एक झालं, जे आकड्यांत दिसत नाही. कर्जाचा हप्ता ठरलेल्या दिवशी भरायचा होता, आणि तो चुकला तर शेजारणीवर बोजा पडणार होता. आता मावशीला पैसे मागायला एक कारण मिळालं, आणि तेही स्वतःचं नव्हे. "मला दे" म्हणायला तिची जीभ रेटत नसे. "मंडळाचा हप्ता आहे रे बाबा, पाच तारखेपर्यंत दे" हे म्हणता येतं. ज्याला जेवू घातलं त्याच्यापुढे हात पसरायची लाज नियमाने अंगावर घेतली. गिरणीमालकाला जे काम उंबरठा करून देतो, ते या बायकांना मंडळाने करून दिलं.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईतच याच प्रश्नाचं अगदी वेगळं उत्तर सोळा वर्षं आधी दिलं गेलं होतं. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढे ज्याचं "लिज्जत" झालं तो उद्योग हाच. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती आपण नेहमी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. मला त्यातले बारीक निर्णय जास्त आवडतात.

सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगली आणि एक स्वस्त. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, आणि ती चांगलीच ठेवा. धंदा धंद्यासारखा करा, हिशेब नीट ठेवा. देणग्या घ्यायच्या नाहीत असंही ठरलं. पहिल्या वर्षात तुटलेले पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकले. यातला शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण जिने कधी घरी काही विकायला केलंय तिला विचारा. आपल्या हातचा पापड तुटला तरी तो "चांगलाच आहे की चवीला" म्हणून विकायचा मोह होतो, किंवा स्वस्तात द्यायचा. तिथे जीव वस्तूत अडकलेला असतो. या सात जणींनी रेघ मारली: विकायचं ते अखंड, तुटलं ते वाटायचं. भेट ती भेट, माल तो माल. मधलं काही नाही.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. म्हणून काम थांबलं नाही. १९६२-६३ मध्ये वर्षाची विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज ४५ हजारांहून जास्त भगिनी त्यात आहेत.

पद्धत अशी: सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ वजन करून घ्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून परत द्यायचं आणि लाटणावळ घ्यायची. नफातोटा सगळ्यांचा सारखा. यात बाईच्या दारात गिऱ्हाईक येतच नाही. तिला कुणाकडे पैसे मागावे लागत नाहीत, कुणाला नाही म्हणावं लागत नाही. घर तेच, हात तेच, पण नात्याचा गुंता केंद्रावरच्या तराजूने सोडवला.

लिज्जतचं उत्तर जास्त नीटनेटकं आहे यात शंका नाही. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. पापड दूर पाठवता येतो, गरम भाकरी नाही. पापड कुणी लाटला हे खाणाऱ्याला कळायची गरज नसते. डबा, शिकवणी, ब्लाउज, पाळणाघर यांत मात्र ती बाई हाच माल असतो. "जोशीकाकूंची भाजणी" म्हणून जी भाजणी घेतली जाते तिच्यातून जोशीकाकू काढून टाकल्या तर उरेल ते दुकानात आणखी स्वस्त मिळतं. गुंतणं हाच जिथे धंद्याचा पाया आहे, तिथे "गुंतू नका" हा सल्ला म्हणजे दुकान बंद करा असं सांगणं.

आणि या सगळ्याला एक मर्यादा होती, तीही सांगायला हवी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप ४२ दिवसांत मिटला नाही. तो रीतसर कधी मिटलाच नाही. आठ वर्षांपूर्वी चुलींनी संप पेलला होता, यावेळी चुली पुरल्या नाहीत. मेंबर गावाला गेले, त्यातले किती तरी परतले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर त्यांची उधारीही गेली. एका उद्योगाचं मरण कुठल्याही मावशीची माया, कुठल्याही बँकेचं ४ टक्क्यांचं कर्ज पेलू शकत नाही. अन्नपूर्णा मंडळ टिकलं ते बायकांनी एकत्र येऊन मोठी स्वयंपाकघरं चालवली, बाहेरच्या ऑर्डरी घेतल्या म्हणून. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. जसवंतीबेनना २०२१ मध्ये. गिरण्यांच्या जागी तोवर मॉल आणि मनोरे उभे राहिले होते.

इतिहास एवढा झाला. आता थोडं घरचं, कारण हे वाचणाऱ्यांत आमचे नातेवाईक बरेच आहेत आणि ते वाट बघत असतील :)

माझी आई टिळकनगरच्या घरात ब्लाउज शिवायची. अन्नपूर्णाचं नाव तिने ऐकलं असेल-नसेल, वेबर तर नाहीच. पण तिच्याकडे एक वही होती, आणि त्या वहीत चार रकाने होते. नाव, शिलाई, मिळाले, आणि शेवटचा रकाना "माफ". तुम्ही म्हणाल, नातेवाइकांचे पैसे ती घ्यायची नाही, त्यात विशेष ते काय. सगळ्याच बायका तसं करतात. विशेष हे की ती नातेवाइकांचंही पूर्ण नाव लिहायची, बाहेरच्या बाईला लावते तीच शिलाई लिहायची आणि मग पुढे माफच्या रकान्यात तोच आकडा पुन्हा लिहायची. एका दिवाळीच्या पानावर ३१ ब्लाउज आहेत. त्यातले ११ माफ. (कोणकोणते ते सांगत नाही, मंडळींनी आपापलं आठवून बघावं.)

मी कॉलेजात असताना तिला विचारलं होतं, घ्यायचेच नाहीत तर लिहितेस कशाला? ती म्हणाली, "लिहिलं नाही तर मी काय दिलं ते मला तरी कसं कळणार?"

मला तेव्हा ते हिशेबीपणाचं वाटलं होतं. पुढे गिरणगावाबद्दल वाचताना त्याचा अर्थ लागत गेला. खानावळवालीच्या उधारीत दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. थोडी तिने आपणहून केलेली माया होती, आणि थोडी तिच्यावर लादलेली. गिरणीमालकाच्या उशिरा पगाराची, वाण्याच्या चढ्या भावाची. न लिहिलेल्या उधारीत या दोन्ही सारख्याच दिसतात. बाई आयुष्यभर म्हणत राहते, "माझा स्वभावच तसा, मला नाही म्हणता येत नाही." तिचा स्वभाव तसा असेलही. पण त्यात दुसऱ्याचा पैसाही अडकलेला असतो, आणि तो तिच्या स्वभावाच्या नावावर खपतो. आकडा लिहिला की दोन्ही वेगळे होतात. ११ ब्लाउज माफ केले, ते मी दिले. बाकीच्या २० चे पैसे यायचे आहेत, ते माझे आहेत. माफच्या रकान्यात लिहिल्यावर आईच्या मनात त्या माणसाबद्दल अढी राहत नसे. आणि येण्याच्या रकान्यात जे असेल ते मागायला ती लाजत नसे. "वहीत दिसतंय बाई, तीस रुपये राहिलेत," असं सरळ सांगायची. वहीवर बोट ठेवून बोललं की आवाज चढवावा लागत नाही.

तिची ती वही म्हणजे एका बाईचं मंडळ होतं, असं आता म्हणावंसं वाटतं. नियम तिने वहीत ठेवला आणि माया स्वतःकडे.

आज आमच्या भागात डबे देणाऱ्या बऱ्याच जणी महिन्याचे पैसे आगाऊ घेतात. हाही एक नियमच, आणि चांगला नियम. त्या ४० दिवसांचं ओझं त्यांनी गिऱ्हाइकाच्या बाजूला सरकवलं. मोबाइलवरून पैसे देता येऊ लागल्यापासून तोंडाने मागायचा संकोचही बराच कमी झाला. दाराशी चौकोनी चित्र चिकटवलं की काम भागतं. पण "अगं, आपल्यात काय पैसे" हे वाक्य अजून जिवंत आहे, आणि ते बहुधा देणारीच्या नव्हे, घेणाऱ्याच्या तोंडी असतं. हे वाक्य उच्चारायचा हक्क फक्त जिचा माल आहे तिला असावा, एवढी सुधारणा आपण गिऱ्हाइकांनी करून घ्यायला हरकत नाही. इतकी वर्षं गुंतायचं की नाही, नाही म्हणायचं की नाही, हे सगळं आवरायची जबाबदारी आपण तिच्या एकटीवर टाकली आहे.

असो. दिवाळी आता फार लांब नाही. चेंबूरात घरोघरी भाजण्या दळून येतील आणि आपण सगळे कुणा ना कुणा काकूंना चकल्या सांगायला जाऊ. सांगताना आधी भाव विचारा. पैसे तिथेच द्या, पूर्ण द्या. मग काकू मूठभर चकल्या जास्त घालतील, तेव्हा नको म्हणू नका. त्या त्यांच्या माफच्या रकान्यातल्या आहेत.